ख्रिस्ती श्रद्धा आणि मॉंटेसरी: मूल आणि देव यांच्या मधून बाजूला व्हायला शिकणं

तुम्ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा मॉंटेसरी वर्ग चालवता आणि आता त्यात ख्रिस्ती शिक्षण आणायचं म्हणता. तुमचे प्रश्न असे: वर्गातल्या साधनांवर बायबलची वचनं लावावीत का? रविवारच्या शाळेतलं पाठांतर आणि बक्षिसं तशीच ठेवावीत का? मुलाला एवढं स्वातंत्र्य देणं ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही, असं म्हणणाऱ्या पालकांना काय सांगावं? आणि ही पद्धत घडवणाऱ्या मॉंटेसरीबाईंचा थिऑसॉफीशी (सगळ्या धर्मांमागे एकच गूढ सत्य आहे असं मानणाऱ्या विचारधारेशी) संबंध होता, त्याचं काय करायचं? मी मॉंटेसरी वर्गातही काम केलं आहे आणि मुलांच्या धर्मशिक्षणातही, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

या दोन गोष्टींचा मेळ बसतो, आणि फार चांगला बसतो. मात्र तो फळीवरच्या साधनांत बसत नाही, मोठ्या माणसाच्या वागण्यात बसतो. मॉंटेसरी शिक्षिका मुलाला साधन दाखवते आणि मागे सरते, कारण घडणं मुलाच्या आत चाललेलं असतं. श्रद्धेचंही तसंच आहे. आपण शुभवार्ता सांगू शकतो, पण तिला प्रतिसाद मूल देतं, आणि ते बोलणं त्याच्यात आणि देवात चालतं. तिथे आपण मधे उभं राहायचं नाही. एवढं मनात पक्कं झालं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात.

आधी वचनांचं. गुलाबी मनोरा हे एकावर एक रचायचं मॉंटेसरी साधन. त्यात १० ठोकळे असतात, सर्वांत लहान १ सेंटीमीटरचा आणि सर्वांत मोठा १० सेंटीमीटरचा. रंग तोच, आकार तोच, लाकूड तेच. बदलतं ते फक्त आकारमान, कारण मुलाचं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर यावं असा त्यामागचा विचार आहे. त्या ठोकळ्यांवर ‘देव प्रीती आहे’ असं चिकटवलं तर मनोरा मनोरा राहत नाही आणि वचनही नुसती सजावट होऊन बसतं. तीन मण्यांच्या सळईवरून त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवण्याचा मोह मी अनेकांना झालेला पाहिला आहे. तोही टाळा. गणित हे गणित म्हणूनच खरं आहे, त्याला ख्रिस्ती करण्यासाठी वरून काही लावावं लागत नाही. श्रद्धेला तिची स्वतःची जागा आणि स्वतःची साधनं द्या.

अशी जागा देण्याची कल्पना नंतरच्या कुणी मॉंटेसरीला जोडलेली नाही. मारिया मॉंटेसरी कॅथलिक होत्या. त्यांचं पहिलं बालगृह रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे प्रभुप्रकटीकरणाच्या (एपिफनी) सणाला उघडलं. पुढच्या दशकात बार्सिलोनात त्यांनी मुलांच्या मापाचं उपासनास्थळ उभारलं. तिथे मुलांनी स्वतः गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या आणि ते पीक मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीच्या, भाकरीसाठी आणि द्राक्षारसासाठी वापरलं. जीवनव्यवहाराची कामं आणि उपासना यांची इतकी साधी गाठ मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. मुलांच्या धर्मजीवनावर आणि मिस्सावर त्यांनी पुस्तकंही लिहिली.

हे काम खऱ्या अर्थाने पुढे नेलं ते दोन इटालियन स्त्रियांनी. सोफिया काव्हालेत्ती बायबल आणि हिब्रू भाषेच्या अभ्यासक, जान्ना गोब्बी मॉंटेसरी शिक्षिका. १९५४ मध्ये रोममध्ये दोघींनी मिळून सुरू केलेलं काम आज ‘उत्तम मेंढपाळाचं धर्मशिक्षण’ म्हणून अनेक देशांत चालतं. त्यांनी अनेक साधनं तयार केली, मुलांपुढे ठेवली आणि मुलं ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळेनात ती काढून टाकली. मोठ्यांना आवडणारं पुष्कळसं असं गळलं आणि राहिलं ते फार थोडं. प्रोटेस्टंट बाजूने एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू जेरोम बेरीमन यांनी इटलीतल्या बेर्गामो इथे मॉंटेसरी प्रशिक्षण घेतलं आणि ‘गॉडली प्ले’ ही पद्धत उभी केली. तिच्यात गोष्ट सांगणारी व्यक्ती जमिनीवर बसते. बोलताना ती मुलांकडे बघत नाही, हातातल्या साधनाकडे बघते, म्हणजे मुलांचीही नजर तिच्या चेहऱ्यावर न राहता गोष्टीत जाते.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते उत्तम मेंढपाळाच्या दाखल्यावरून सांगते, कारण त्यात सगळं येतं.

दाखला म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा. हा दाखला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातला. साधन म्हणजे हिरव्या रंगाची गोल फळी, तिच्यावर कुंपणाचा मेंढवाडा, लाकडाची चपटी मेंढरं आणि मेंढपाळ. शिक्षिका मेणबत्ती लावते, खरी. बायबल उघडून मोजक्या ओळी वाचते: मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, ती त्याचा आवाज ओळखतात, तो त्यांच्यापुढे चालतो, त्यांच्यासाठी आपला प्राण देतो. मग अगदी सावकाश, एकेक मेंढरू वाड्याबाहेर नेते आणि परत आणते. लांडगा आणि मोलकरी (पगारावर मेंढरं राखणारा) या वयाला सांगायचे नाहीत, ते मोठ्या मुलांसाठी. शेवटी दोन-तीन प्रश्न, तेही उत्तर काढून घेण्यासाठी नव्हेत: या मेंढपाळाला आपल्या मेंढरांबद्दल काय वाटत असेल? त्याने नावाने हाक मारल्यावर मेंढराला कसं वाटत असेल? ही मेंढरं कोण असतील बरं?

आणि इथे थांबायचं. ‘तूच ते मेंढरू’ हे सांगायचं नाही. मोठ्या माणसाला सर्वांत जड जातं ते हेच. गोष्टीचा अर्थ तोंडाशी आलेला असतो, मूल समोर बसलेलं असतं, आणि आपण गप्प राहायचं असतं. मूल ते साधन उचलतं, चटईवर नेतं, मेंढरं आत-बाहेर करत बसतं. आठवडे जातात, कधी महिने. एक दिवस ते मेंढरांना स्वतःच्या घरातल्या माणसांची नावं देतं, किंवा चित्रात मेंढपाळाच्या शेजारी स्वतःला काढतं. ज्या मुलाला अर्थ आधीच सांगून टाकलेला असतो त्याला शोधायला काही उरत नाही, आणि ते त्या साधनाकडे फारसं फिरकतही नाही. येशूने स्वतः दाखले सांगून लोकांना विचारात सोडलं. आपण त्याच्यापेक्षा जास्त स्पष्ट करण्याची घाई करू नये.

मेंढपाळच आधी का, तर काव्हालेत्ती आणि गोब्बी यांना दिसलं की सहा वर्षांच्या आतल्या मुलाची भूक ‘माझ्यावर कुणाचं तरी न तुटणारं प्रेम आहे’ हे कळण्याची असते. चांगलं काय, वाईट काय हा प्रश्न त्याच्या मनात सहानंतर येतो. म्हणून शेजारधर्माचा चांगल्या शोमरोन्याचा दाखला, परुशी आणि जकातदार यांचा दाखला हे सहानंतर. आधी मोहरीचा दाणा, खमीर (पीठ फुगवणारं आंबवण), शेतात लपलेली ठेव, मोलाचं मोती. मोहरीचा दाणा मुलाच्या बोटाच्या टोकावर ठेवा. खमिरासाठी पीठ खरोखर मळा, एक गोळा खमिराचा आणि एक बिनखमिराचा, आणि दोन्ही झाकून वाट बघा. कुणी केलं हे, असं मूल विचारतं, आणि तो प्रश्न देवराज्याचाच असतो.

एक बारीक गोष्ट, पण मला ती फार मोलाची वाटते. दाखल्यांतल्या आकृत्या चपट्या असतात. नाझरेथ, बेथलेहेम इथल्या प्रसंगांतल्या, म्हणजे मरियेला मिळालेला निरोप, गव्हाणी, बाळ येशूला भेटायला आलेले मागी (ज्ञानी) लोक यांच्या आकृत्या मात्र भरीव असतात. दाखला ही येशूने सांगितलेली गोष्ट आहे, जन्म ही घडलेली घटना आहे. हा फरक कुणी समजावून सांगत नाही, मुलाचे हातच तो ओळखतात. त्याच कारणाने पृथ्वीचा गोल आणि इस्राएलचा उंचसखल नकाशा ही साधनं अगदी सुरुवातीला येतात. येशू या पृथ्वीवर, या एका लहानशा देशात, या गावांत राहिला. सहाच्या आतल्या मुलाला मॉंटेसरी खरं जग देऊ पाहतात, परीकथा नाही. अशा मुलापुढे हसऱ्या जिराफांचं, नोहाचं रंगीत तारू आणि कार्टूनमधला येशू ठेवला, तर तो राक्षस आणि पऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो, आणि पुढे त्या रांगेतून एकेक जण बाहेर पडू लागतो तेव्हा तोही जातो. तुमच्याकडे अशी पुस्तकं असतील तर ती श्रद्धेच्या खोलीबाहेर ठेवा. तारू आणि जलप्रलय या वयाला नकोच.

तीन टप्प्यांचा पाठ तुम्हाला येतोच: हे अमुक, अमुक दाखव, हे काय? तो नावांसाठी वापरा. वेदी, प्याला, तबकडी, वेदीवस्त्र, बाप्तिस्म्याचं पात्र ही सगळी लहान मापाची खरी भांडी मुलांना हाताळू द्या, पुसू द्या, लखलखीत करू द्या. पण ‘कृपा म्हणजे काय, सांग’ असा तिसरा टप्पा कधीही घेऊ नका. चूक साधनातच दिसावी हे मॉंटेसरी तत्त्वही तसंच जपून वापरायचं. उपासनावर्षाच्या (चर्चच्या सणांच्या वर्षाच्या) गोल फळीवर ५२ रविवारांचे ५२ रंगीत ठोकळे लावताना चूक कळली पाहिजे: आगमनकाळ (नाताळच्या तयारीचे आठवडे) जांभळा, नाताळ पांढरा, सामान्यकाळ हिरवा, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा आल्याचा सण) लाल. मेंढपाळाबद्दल मुलाने जे म्हटलं त्याला चूक-बरोबर नसतं. ‘बरोबर!’ हा शब्दसुद्धा तिथे म्हणू नका. एका मुलाला शाबासकी मिळाली की बाकीची सगळी शाबासकीचं उत्तर शोधू लागतात आणि विचार करणं तिथेच संपतं.

हेच बक्षिसांना लागू. वचन पाठ केलं की तारा, दहा तारे झाले की भेटवस्तू, ही पद्धत अनेक मंडळ्यांत प्रेमाने चालवली जाते. ती चालवणाऱ्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण मॉंटेसरी वर्गात ती आणू नका, आणि मला विचाराल तर कुठेच आणू नका. ज्याचं सांगणंच हे की प्रेम कमवावं लागत नाही, ते ताऱ्यांच्या बदल्यात वाटलं तर मुलाच्या मनात नेमकं उलटं उतरतं. पाठांतराला माझा विरोध नाही. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र २३ मुलांना सहज पाठ होतं, पण ते त्यांच्या कानावर पडत राहिल्याने, मेंढपाळाच्या साधनाशी त्याची गाठ पडल्याने, आणि ज्यांना लिहिता येतं त्यांनी ते आपल्या हाताने सुंदर अक्षरात उतरवून काढल्याने. तीन ते सहा या काळात भाषेसाठी मन इतकं उघडं असतं की वेगळी घोकंपट्टी लागत नाही.

प्रार्थनेतही हात आखडता घ्या. काव्हालेत्ती यांनी नोंदवलं आहे की लहान मुलांची प्रार्थना जवळजवळ पूर्णपणे आभार आणि स्तुतीची असते. मागणं आपण शिकवतो. ‘देवाला सांग, मला चांगला मुलगा कर’ असं आपण तोंडात घालून देतो. त्याऐवजी जागा तयार करा: छोटं मेज, त्यावर त्या काळाच्या रंगाचं कापड, मुलांनी मांडलेली फुलं, मेणबत्ती, उघडं बायबल. ऋतू बदलला की मुलंच मिरवत जाऊन कापड बदलतात. मग शांत बसा. कुणी म्हणालं ‘उजेडाबद्दल धन्यवाद’ तर ती पूर्ण प्रार्थना झाली, तिला पुढे ‘आणि...’ जोडू नका.

मॉंटेसरी वर्गातला मौनाचा खेळ इथे फार कामी येतो. सगळी मुलं आपणहून निश्चल होतात, दूरचे आवाज ऐकू येऊ लागतात, आणि मग दुसऱ्या खोलीतून कुणीतरी कुजबुजत एकेकाला नावाने बोलावतं. नावाने हाक मारणारा मेंढपाळ या मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण गोंगाट आवरायला हा खेळ वापरला की तो संपला. मुलं आधीच शांत असतात तेव्हाच तो खेळायचा.

तसंच, ‘देव बघतो हं!’ हे वाक्य वर्गातून कायमचं काढून टाका. तुमच्या मदतनीसांनाही हे आधीच सांगून ठेवा, कारण ते तोंडून सहज निघून जातं. ज्याचा आवाज ओळखावा असा मेंढपाळ आणि लपून पाळत ठेवणारा पहारेकरी, हे दोन देव एका मुलाच्या मनात शेजारी राहू शकत नाहीत, आणि भीती लवकर जिंकते. शिस्तीचा प्रश्न शिस्तीच्या जागी सोडवा: हे कपाट आवरायचं आहे, या मुलाला लागलं आहे, पाणी आण.

आता स्वातंत्र्य आणि मूळपाप, म्हणजे माणूस जन्मतःच पापाकडे झुकलेला असतो ही ख्रिस्ती शिकवण. हा आक्षेप जुना आहे. मॉंटेसरी मूल जन्मतः निर्दोष मानतात आणि कृपेला जागाच ठेवत नाहीत, असं त्यांच्या हयातीतच काही ख्रिस्ती टीकाकार म्हणत होते. या पालकांना आधी वर्गात अर्धा तास बसवा. मॉंटेसरी वर्गातलं स्वातंत्र्य म्हणजे मनाला येईल ते करणं नव्हे. दुसऱ्याला दुखवायला, त्याचं काम मोडायला, वस्तू फेकायला मुलाला मोकळीक नाही. मोकळीक आहे ती काम निवडायला, हवं तितका वेळ त्यात राहायला आणि पुन्हा पुन्हा करायला. मूल देवदूत आहे असं मीही म्हणणार नाही. पण मुलाचा सगळा चुळबुळेपणा आणि हट्ट पापातून येतो असं म्हणणंही खरं नाही. पुष्कळसा तो जागा, काम आणि झोप न मिळाल्याने येतो, आणि तेवढं मिळालं की जातो. उरतं त्यासाठी क्षमा आहे. थॉमस अक्वायनस यांनी म्हटलं होतं की कृपा निसर्गाला मोडत नाही, पूर्ण करते. आपण मुलाच्या निसर्गाची नीट काळजी घेतो म्हणजे कृपेचं काम स्वतःकडे घेत नाही. मला तर उलट वाटतं: इच्छाशक्ती मोडून काढलेलं मूल पुढे ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ हे म्हणणार तरी कशाच्या बळावर? देवाच्या इच्छेला होकार द्यायला आधी स्वतःची इच्छा असावी लागते.

थिऑसॉफीबद्दल लपवण्यासारखं काही नाही, तेव्हा पालकांना सरळ सांगा. मॉंटेसरी १८९९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभासद झाल्या होत्या. १९३९ मध्ये त्या सोसायटीच्याच निमंत्रणावरून चेन्नईजवळच्या अड्यारला आल्या, आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. १९५२ मध्ये त्या नेदरलँड्समध्ये नोर्डवाइक इथे वारल्या आणि तिथल्या कॅथलिक दफनभूमीत त्यांना पुरलं. त्यांच्या लिखाणात, विशेषतः उतारवयातल्या, असे उल्लेख आहेत ज्यांच्याशी एखादा ख्रिस्ती वाचक सहमत होणार नाही. मीही सगळ्यांशी नाही. पण दंडगोल, मणी, खरखरीत अक्षरं, मिश्र वयोगट, तीन तासांचा अखंड कामाचा वेळ हे सगळं मुलांचं निरीक्षण करून आलं आहे. ते तपासायला कुठलाही पंथ मानावा लागत नाही, मुलाकडे बघावं लागतं.

सहा ते बारा वयोगटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लवकरच ती वेळ येईल म्हणून थोडक्यात. या वयाच्या मॉंटेसरी अभ्यासक्रमात विश्वाच्या उत्पत्तीची मोठी कथा पहिली येते, आणि मॉंटेसरींच्या मूळ मांडणीत तिचं नावच ‘हात नसलेला देव’ असं होतं. काही ख्रिस्ती शाळा ती काढून उत्पत्तीचा पहिला अध्याय बसवतात, काही दोन्ही कालवून एकच कथा करतात. मी दोन्ही स्वतंत्र ठेवते. ताऱ्यांची आणि खडकांची कथा विज्ञानाच्या वेळी, तिच्या पुराव्यांसह. उत्पत्तीचा अध्याय श्रद्धेच्या खोलीत, कारण तो कोणी आणि कशासाठी याबद्दल बोलतो. या वयाचं मूल दोन्हींचा संबंध जोडतं, प्रश्न विचारतं, आणि त्या प्रश्नांना घाबरायचं नसतं. याच वयात द्राक्षवेल आणि फाटे हा योहानाच्या १५व्या अध्यायातला दाखला येतो, क्षमा आणि न्याय यांच्यावरची खरी चर्चा येते. बारानंतर त्यांना खोलीपेक्षा खरी सेवा हवी असते, शेतात, रुग्णांजवळ, लहान मुलांबरोबर.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात खोलीची मांडणी बदलेल. मिस्सा मानणाऱ्यांकडे वेदी मधोमध असेल, पाण्याचा थेंब द्राक्षारसात मिसळण्याची कृती मूल स्वतः करून बघेल. इतर मंडळ्यांत प्रभुभोजनाचं मेज आणि वचन यांना अधिक जागा मिळेल. बाप्तिस्म्याचं पाणी आणि मेंढपाळ दोन्हीकडे सारखेच. तुमच्या मंडळीच्या पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी आधी बसून ठरवा, आणि जे तुमच्या चर्चमध्ये मुलाला दिसत नाही ते या खोलीत ठेवू नका. दुसऱ्या धर्मांची मुलं वर्गात असतील तर पालकांना प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगा, आणि या खोलीत येणं कुणावरही लादू नका.

साधनं विकत घेण्यापेक्षा शक्यतो स्वतः करा. मेंढरं कापून रंगवताना तोच उतारा तुम्ही इतक्यांदा वाचता की मुलांपुढे बसायच्या आधी तो तुमच्यात उतरलेला असतो. मॉंटेसरींनी शिक्षकाच्या तयारीत राग आणि अहंकार या दोन दोषांवर बोट ठेवलं होतं. श्रद्धेच्या खोलीत अहंकार अधिक फसवा असतो, कारण तो सेवेच्या वेशात येतो: मी या मुलांना देव दिला. म्हणून नोंदवही ठेवा, पण तिच्यात तुम्ही काय शिकवलं हे लिहू नका. कोणत्या मुलाने कोणतं साधन घेतलं, किती वेळ, किती वेळा परत आलं, काय म्हणालं, काय काढलं एवढंच लिहा. मुलाचं चाललं आहे की नाही हे त्याच पानांवरून कळतं, परीक्षेने कळत नाही.

पालकांनाही पहिल्याच भेटीत एक विनंती करा: घरी गेल्यावर ‘आज काय शिकलास?’ असं विचारू नका. मूल सांगेल तेव्हा ऐका, आणि त्याने सांगितलेल्यात भर घालू नका. आणि पहिल्या वर्षी खोली भरलेली दिसत नाही म्हणून काळजी करू नका. मेंढवाडा, मोहरी, बाप्तिस्म्याचं पाणी आणि दिवा, लहानशी वेदी किंवा मेज, गव्हाणी आणि वर्षाची गोल फळी, एवढ्यावर तीन वर्षांच्या मुलाचं अख्खं वर्ष भरतं.